सम्राज्ञीच्या दारचा अर्ज

इ. स. १७६२ च्या उन्हाळ्यात दुसरी कॅथरिन रशियाच्या गादीवर आली, आणि त्याच वर्षी सॅव्हेली मार्तीनोव्ह व येर्मोलाय इलीन या दोन भूदासांनी आपल्या मालकिणीविरुद्ध तिच्याकडे अर्ज पोहोचता केला. भूदास म्हणजे धन्याच्या मालकीचा शेतकरी. धन्याच्या शेतावर वेठ करावी, तो विकील तिकडे जावे, हे त्याचे जिणे. मालकीण होती मॉस्कोची धनाढ्य विधवा दार्या साल्तिकोवा. झाडलोटीतील क्षुल्लक चुकीसाठी ती मोलकरणींना मरेपर्यंत झोडपी. इलीनच्या तर एकामागून एक तीन बायका अशाच गेल्या होत्या. आधीच्या तक्रारी लाच देऊन दडपल्या गेल्या; हा अर्ज मात्र दडपला गेला नाही. सहा वर्षे प्रकरण चालले, ३८ मृत्यू शाबीत झाले. १७६८ साली साल्तिकोवेला मॉस्कोच्या तांबड्या चौकात तासभर खांबाशी जखडून उभे केले, आणि मग मठातील तळघरात जन्मभरासाठी कोंडले.

न्याय झाला खरा. परंतु प्रकरणाचा निकाल लागण्यापूर्वीच, १७६७ च्या ऑगस्टमध्ये, फर्मान निघाले की, भूदासांनी धन्याविरुद्ध सम्राज्ञीच्या हाती अर्ज देऊ नये. दिल्यास चाबकाचे फटके आणि नेर्चिन्स्क येथे कायमची सक्तमजुरी! ज्या दाराने इलीन आत आला, ते दारच बंद झाले.

नवल हे की, सुधारणांच्या गाजावाजाचे वर्षही हेच. माँतेस्क्यू व बेक्कारिया यांच्या ग्रंथांतून वेचे घेऊन कॅथरिनने आपली प्रसिद्ध ‘सूचना’ सिद्ध केली, आणि नवे कायदे करण्यासाठी ५०० हून अधिक प्रतिनिधी मॉस्कोत जमविले. त्यांत सरकारी जमिनीवरील शेतकरी होते. खाजगी भूदासांचा मात्र एकही नव्हता. तिला ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण पतीला पदच्युत करून ती गादीवर आली ती सरदारवर्गातील लष्करी अधिकाऱ्यांच्या बळावर. आणि सरदाराची श्रीमंती मोजली जाई ती त्याच्या पदरच्या भूदासांवरून. हा हिशेब ती कधीच विसरली नाही.

१७७३ मध्ये पुगाचोव्हचे बंड उसळले. हा कोसॅक स्वतःस कॅथरिनचा मृत पती तिसरा पीटर म्हणवी. पुढील वर्षी त्याने भूदासांना मुक्तीचा जाहीरनामा दिला, तेव्हा व्होल्गाकाठची गावेच्या गावे उठली आणि सरदारांचे वाडे जळाले. १७७५ च्या जानेवारीत मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. नंतर कॅथरिनने १७८३ मध्ये युक्रेनच्या शेतकऱ्यांनाही जमिनीशी जखडले, आणि १७८५ मध्ये सरदारांना हक्कांची सनद दिली. मुक्तीचे फर्मान निघाले ते १८६१ साली, तिच्या पणतूच्या हातून.