गोठ्याची वेळ आणि फुलांचे तास

वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील शेती कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांच्या नावाने ओळखली जाते, आणि या तिन्ही पिकांचा पैसा वर्षातून एकदोनदाच घरात येतो, खर्च मात्र रोजचा असतो. म्हणून दोन-चार एकरांचे वावर असलेली कुटुंबे गोठ्यात एखाददुसरी गाय, दोन-चार शेळ्या आणि अंगणात पाच-दहा कोंबड्या बाळगतात, आणि विहिरीला पाणी असेल तर तिच्याजवळच्या दहा-पंधरा गुंठ्यांत झेंडू, शेवंती किंवा गलांडा लावतात. या उद्योगाला जोडधंदा म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण त्यातून गोठा हा एक धंदा, फुले हा दुसरा धंदा आणि दोन्ही मुख्य शेतीला बाहेरून लावलेले, असे चित्र उभे राहते. शासनदरबारीही गाय पशुसंवर्धन खात्याकडे जाते आणि झेंडू फलोत्पादनाकडे. घरात मात्र दोन्हींसाठी माणसे तीच असतात, पहाट तीच असते आणि खताचा खड्डाही एकच असतो. म्हणून लहान शेतीतील या जोडीचा विचार उत्पन्नाच्या दोन वेगळ्या रकान्यांतून न करता, वेळेचा आणि शेणाचा हिशेब मांडून केला, तर तो अधिक खरा ठरतो.

गोठ्यापासून आरंभ करायचा तर गवळाऊ या जातीचे नाव प्रथम घ्यावे लागते. वर्धा आणि नागपूर जिल्हे, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाट हा या गोवंशाचा मूळ प्रदेश होय. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा या डोंगराळ तालुक्यांतील नंद गवळी समाजाने तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, आणि त्याच्या संवर्धनासाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासकीय प्रक्षेत्रही आहे. पांढरा किंवा राखाडी रंग, लांबट निमुळता चेहरा, आखूड शिंगे आणि हलकी, चपळ अंगकाठी ही या जातीची ओळख. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगराळ मुलुखातून जलद नेण्यासाठी या बैलांचा उपयोग होत असे, असे जातीच्या वर्णनांत नोंदलेले आढळते. दूध मात्र बेताचे असते. एका वेतात, म्हणजे गाय व्याल्यापासून आटेपर्यंतच्या काळात, ती सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध देते. संकरित गाय याच्या कितीतरी पट दूध देते, आणि केवळ लिटरचे माप लावले तर गवळाऊचा पराभव ठरलेला आहे. परंतु त्या मापात बैल येत नाही, शेण येत नाही, आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला तरी पंखा व फवारा न मागता सावलीच्या झाडाखाली रवंथ करीत बसणारी गायही येत नाही. संकरित गोऱ्हा वशिंड नसल्याने जुवाला नीट लागत नाही आणि उन्हात लवकर धापा टाकतो, हे औत हाकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. याचा अर्थ गवळाऊ सर्वांनाच परवडते असा नव्हे. ज्याला दुधाचाच व्यापार करायचा आहे आणि विकतची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, घालण्याची ऐपत आहे, त्याने संकरित गाय घेण्यात काहीच चूक नाही.

या प्रश्नावर वर्ध्यात पूर्वी मोठा विचार झालेला आहे. जमनालाल बजाज यांनी 1941 मध्ये येथे गोसेवा संघाच्या कामाला आरंभ केला आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी निधन होईपर्यंत आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले. केवळ दयाबुद्धीने गाय टिकणार नाही, तिचे दूध, तूप, कातडे आणि खत यांची नीट व्यवस्था लागली तरच ती टिकेल, ही त्या कामामागची भूमिका होती. वर्ध्याचे गोरस भांडार हे त्याच परंपरेतले, आणि गाईच्या तुपातला त्याचा गोरस पाक आजही वर्ध्याहून परगावी जाणाऱ्याच्या पिशवीत असतो. गमतीचा भाग असा की, या साऱ्या विचाराला ज्यांची प्रेरणा होती ते गांधीजी स्वतः गाईम्हशीचे दूध न घेण्याच्या व्रतामुळे शेळीचे दूध घेत असत. लहान शेतीच्या दृष्टीने शेळी खरोखरच दुर्लक्षिली जाऊ नये. विदर्भाची बेरारी शेळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडपाल्यावर वाढते, पाच महिन्यांत विते, आणि ऐन नडीच्या वेळी बाजारात नेता येते. मात्र फुलांच्या वाफ्याला आणि शेळीला एकाच कुंपणात ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये.

चाऱ्याचा प्रश्न अलीकडे अवघड झाला आहे. ज्वारीचा पेरा होता तोवर कडब्याच्या गंज्या घरोघर असत. सोयाबीन आल्यावर ज्वारी हटली आणि कडबाही गेला. आता तुरीचे व सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा शेंगांच्या टरफलांचा व पाल्याचा भुसा, हाच गव्हाणीतला मुख्य आधार आहे. ढोरे कमी झाली, म्हणून शेणखत कमी झाले, आणि शेणखत कमी झाले म्हणून काळ्या जमिनीचा कस विकतच्या पोत्यांवर येऊन ठेपला.

येथे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांचे काम आठवावे लागते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत ही थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत होय. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधतात आणि हवा खेळण्यासाठी भिंतींत जागोजाग भोके ठेवतात. आधी काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर चार-पाच किलो शेण कालवलेले पाणी, त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली माती, असे दहा-बारा थर रचून वर शेणमातीचा लेप देतात, आणि लेपाला भेगा पडल्या की पुन्हा लिंपतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. संपूर्ण टाक्याला साधारण 100 किलो शेण लागते. लहान बांध्याची गाय दिवसाला सुमारे 10 किलो शेण टाकते असे धरले, तर एका गाईचे दहा दिवसांचे शेण एका टाक्याला पुरते. दहा गुंठे झेंडूला हेक्टरी 20 टनांच्या हिशेबाने 2 टन, म्हणजे अंदाजे चार बंड्या (बैलगाड्या) खत लागते, आणि तेवढे एका टाक्यातून निघते. अट एकच, की पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडे तशीच्या तशी टाक्यात न कोंबता बारीक तोडून घातली पाहिजेत, आणि कंटाळा नेमका येथेच येतो.

आता फुलांकडे वळता येईल. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, परंतु दसऱ्याचे तोरण त्याच्यावाचून अडावे इतका तो मराठी घराचा झाला आहे. त्याची लागवड सोपी आहे. अवघड आहे ते त्याचे वेळापत्रक. बी टाकल्यापासून रोप लावणीला येण्यास सुमारे महिना लागतो. दोन ओळींत 60 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवले तर दहा गुंठ्यांत जवळपास 3,700 रोपे बसतात. वर्धेकडे ओळीला तास म्हणतात, आणि भारी काळ्या जमिनीत हे तास वरंब्यावरच धरावे लागतात, कारण परतीचा पाऊस रेंगाळला तर सपाट वाफ्यात पाणी साचून मुळे कुजतात. लावणीनंतर महिना-सव्वा महिन्याने शेंडा खुडतात, म्हणजे झाड उंच न जाता फांद्या फोडते आणि फुलांची संख्या वाढते. नव्या माणसाला ही खुडणी जिवावर येते, वाढता शेंडा हाताने मोडवत नाही. पण न खुडलेले झाड वाऱ्यात आडवे होते. लावणीपासून साधारण दोन महिन्यांनी फूल येते आणि तोडा पुढे दोन-अडीच महिने चालतो.

हा दोन महिन्यांचा हिशेब मृग नक्षत्राशी किंवा इंग्रजी तारखेशी बांधला तर फसतो. चांद्र तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. दसरा 2022 मध्ये 5 ऑक्टोबरला होता आणि 2023 मध्ये, त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे, 24 ऑक्टोबरला. पहिल्या वर्षीच्या तारखेवर भिस्त ठेवून जुलैअखेर लावणी करणाऱ्याचा ताटवा दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी फुलतो, आणि तेव्हा बाजारात त्याला विचारणारे फारसे कोणी नसते. यासाठी झेंडू लावणाऱ्याने पंचांग भिंतीवर टांगून ठेवावे ते मुहूर्तासाठी नव्हे, तर रोपवाटिकेसाठी. दसरा आणि लक्ष्मीपूजन यांत सुमारे वीस दिवसांचे अंतर असल्याने पहिला बहर दसऱ्याला नीट साधला तर त्याच झाडांवर दिवाळीही निघते.

गोठा आणि फुले यांचे खरे नाते पहाटेच्या वेळी दिसते. दूध काढण्याची वेळ आणि फूल तोडण्याची वेळ एकच असते, कारण ऊन चढल्यावर तोडलेले फूल लवकर मलूल पडते. वरवर पाहता हा विरोध वाटतो. परंतु ज्या घराला पहाटे चारला उठण्याची सवय गाईने लावलेली असते, त्याच घराला फुले झेपतात. निव्वळ कापूस पिकवणाऱ्या घराला दोन महिने रोज अंधारात उठणे जड जाते. एक जण धार काढतो, दुसरा तासांतून फिरून पूर्ण उमललेली फुले देठाशी मोडून टोपल्यात टाकतो, आणि दुधाची कॅन गावाहून वर्ध्याला किंवा सेलूला जिच्यावर जाते त्याच मोटारसायकलला फुलांचा कट्टा, म्हणजे पोतेही, बांधला जातो. वाहतुकीचा वेगळा खर्च राहत नाही. माल जास्त असेल तर 75 किलोमीटरवरचा नागपूरचा बाजार गाठावा लागतो, आणि तेथील हर्रासीत, म्हणजे लिलावात, रात्रीच्या पावसाने भिजलेल्या कट्ट्याला अडत्या हात घालून ओल पाहतो आणि भाव पाडतो. या एका कारणासाठी पावसाच्या सकाळी तोडा थांबवून फुले झाडावरच सुकू देणे शहाणपणाचे असते.

खरी ओढाताण दूध आणि फुलांची नसून फुले आणि कापसाची आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी उरकत असते, बोंडे फुटलेली असतात, वेचणीला बायका मिळत नाहीत, आणि नेमक्या त्याच आठवड्यात झेंडूचा तोडा भरात असतो. त्या दिवसांत घरातल्या स्त्रीच्या वाट्याला धार, तोडा, हारांची ओवणी, स्वयंपाक आणि वेचणी अशी पाच कामे एका सूर्यात येतात, आणि जोडधंद्याच्या नफ्याचे जे तक्ते छापले जातात त्यांत तिच्या मजुरीचा रकाना कोरा असतो. तो भरला तर अर्धा एकर झेंडू अनेक घरांना परवडत नाही आणि दहा गुंठे परवडतात, असे दिसून येईल. लहान शेतकऱ्याने फुलांचे क्षेत्र जमिनीवरून न ठरवता घरातील हातांवरून ठरवावे, ते यासाठी.

दोन्हींच्या देवघेवीच्या आणखी काही वाटा आहेत. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन हे पिवळे-केशरी रंगद्रव्य असते. वाळवलेल्या पाकळ्या कोंबड्यांच्या खाद्यात मिसळल्या तर अंड्याचा बलक गडद होतो. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावला तर फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग आपली पुष्कळशी अंडी त्या फुलांवर घालतो आणि टोमॅटोचा बचाव होतो. उग्र वासामुळे गुरे झेंडूला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे धुऱ्यावरचा झेंडू राखणीवाचून टिकतो. याउलट एक धोकाही आहे: फुलांवर औषध फवारल्यानंतर तासांतले हिरवे गवत कापून गोठ्यात टाकण्याची सवय घातक ठरते, आणि ज्या घरात फवारणी एक जण करतो व गवत दुसरा कापतो तेथे ही चूक सहज घडते.

पोळ्याला मात्र घरचा झेंडू बहुधा हाती नसतो. श्रावणी अमावास्येला बैलांची शिंगे रंगवून, बेगड लावून, झूल पांघरून त्यांना तोरणाखाली नेतात, आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा त्याच्या भव्य लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत वावरातल्या झेंडूचा शेंडा जेमतेम खुडला जात असतो, आणि बैलाच्या गळ्यातला हार बाजारातूनच येतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी भाव कोसळतो. मागे उरलेल्या झाडांवर लग्नसराईच्या आशेने महिनाभर पाणी देत बसण्यापेक्षा ती जमिनीलगत कापणे बरे. मुळे जमिनीतच राहू द्यावीत, कारण झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे सूत्रकृमी, म्हणजे पिकांच्या मुळांवर गाठी आणणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, कमी होतात, आणि त्याच तासांत पुढे वांगी किंवा टोमॅटो लावता येतात. कापलेली झाडे गाय खात नाही. ती कोयत्याने बारीक तोडून नाडेपच्या रिकाम्या टाक्यात पसरतात, आणि पुढल्या हंगामाच्या खताचा तळचा सहा इंचांचा थर त्यांचाच पडतो.