गर्भाशयाचे चिकटणे आणि आपले अज्ञान



कामगार चळवळीतल्या माणसाने गर्भाशयावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. पण यंत्रात बोट गेले तर ती इजा, आणि बाईच्या पोटातली इजा मात्र तिचे नशीब, हा न्याय मला मान्य नाही.

गर्भाशयाला आतून अस्तर असते. त्याचा वरचा थर दर पाळीला गळतो आणि खालच्या थरातून पुन्हा उगवतो, जसे मुळापासून गवत. गर्भपातानंतर, किंवा बाळंतपणात वार अडकली म्हणजे, ‘पिशवी साफ’ करतात. तेव्हा आतली भिंत फार मऊ असते. धारदार हत्याराने खालचा थरच खरवडला गेला, तर समोरासमोरच्या जखमा एकमेकींना चिकटतात. जर्मनीत फ्रिट्श यांनी १८९४ साली हे नोंदले. १९४८ साली आशरमन यांनी सविस्तर वर्णन केले, म्हणून विकाराला त्यांचे नाव मिळाले. आपल्या देशात दुसरे मोठे कारण क्षय. फुप्फुसातला क्षय रक्तावाटे गर्भनलिकांत व तेथून अस्तरात उतरतो. तेव्हा खोकला असेलच असे नाही.

मग पाळी कमी होते वा थांबते. कधी रक्त कोंडून दरमहा कळा येतात. दिवस राहत नाहीत, राहिले तरी गर्भ टिकेलच असे नाही. आणि घरात तिला वांझ ठरवून दुसऱ्या सोयरिकीची बोलणी सुरू होतात!

यावर उपाय आहे. योनिमार्गे बारीक दुर्बीण घालून चिकटलेला भाग पोट न फाडता सोडवता येतो. क्षयाने अस्तरच नष्ट झाले असेल, तर मात्र यश कमी; म्हणून क्षयाचे औषध वेळेवर आणि पुरते घ्यावे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते.

त्याहून बरे म्हणजे इजा टाळणे. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. तेव्हा चोरून, अडाणी हाताकडे जाण्याचे कारण नाही. खरवडण्याऐवजी गोळ्यांनी वा हवेच्या ओढीने काम होईल का, हे डॉक्टरांना विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. केलेल्या उपचाराचा कागद जपून ठेवावा. नंतर पाळी आली नाही, तर महिनोन्‌महिने वाट पाहू नये.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली. पण डाळमिलीत वा केळीच्या बागेत रोजाने जाणारीच्या हाती ती पडते काय? ती मिळवून देणे आपले काम, आणि तिला दोष न देणे हे त्याआधीचे.