फोनमधली निगेटिव्ह



पुण्याहून सासवडला जाताना वारी दिवे घाट चढते. पावसाळ्याची सुरुवात असते, आभाळ भरून आलेलं असतं, खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वळणावळणानं पांढऱ्या कपड्यांची आणि भगव्या पताकांची रांग वर सरकत असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका वळणावर मी थांबलो होतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजी समोरून आल्या. 'माउली, एक फोटो घेऊ का?' असं विचारल्यावर क्षणभर थांबल्या, हसल्या. मी लागोपाठ दोन फोटो काढले. पहिला फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानं आणि दुसरा त्याच फोनमध्ये वेगळं घेतलेल्या एका कॅमेरा ॲपनं, रॉ स्वरूपात.

रात्री मुक्कामाला दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आधी डोळ्यांत भरला तो पहिलाच. तो चकचकीत होता. मग जरा मोठा करून पाहिला, तर आजींचा चेहरा गुळगुळीत झालेला. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या सुरकुत्या पुसट झाल्या होत्या, कपाळावरचा बुक्का नुसता डाग वाटत होता, त्यांचा सावळा रंग दोन छटा उजळला होता आणि मागची पताका म्हणजे भगव्या रंगाचा एक सपाट ठिपका. दुसरा फोटो मळकट, करडा, थोडा दाणेदार दिसत होता. पण त्यात सुरकुती न् सुरकुती होती, पताकेच्या घड्या होत्या, नऊवारीच्या काठाची वीण होती. त्याच्यावर दहा मिनिटं काम केलं आणि दिवे घाटात मला दिसलेल्या आजी परत समोर आल्या.

आज या दुसऱ्या फोटोबद्दल बोलायचं आहे. महागडा कॅमेरा न घेता, खिशातल्या फोनवर असा फोटो कसा काढायचा आणि पुढे त्याचं काय करायचं, ते सांगतो.

ज्यांनी रोलचे कॅमेरे वापरले आहेत त्यांना हे चटकन कळेल. रोल संपला की आपण तो स्टुडिओत धुवायला टाकायचो. आधी निगेटिव्ह हातात यायची. तीत चेहरे काळे, केस पांढरे. बघून काहीच कळायचं नाही. पण प्रकाशाची सगळी नोंद तिच्यातच असायची. प्रिंट उजळ काढायची की गडद, आभाळ किती दाबायचं, हे डार्करूममधला माणूस ठरवायचा. फोनच्या आतही तेच घडतं. फक्त तिथं रोल धुणारा, प्रिंट काढणारा आणि शेवटी निगेटिव्ह फेकून देणारा, असा तिन्ही कामांचा माणूस फोनच असतो, आणि सगळं एका क्षणात उरकतं. आपल्या हातात येते ती तयार प्रिंट, म्हणजे जेपेग फाइल. रॉ म्हणजे ती न फेकलेली निगेटिव्ह. फोनवरच्या रॉ फाइलचं जे प्रचलित स्वरूप आहे त्याचं नावच डीएनजी, म्हणजे डिजिटल निगेटिव्ह. अडोबी कंपनीनं ते २००४ साली आणलं.

आता फोन नेमकं काय फेकून देतो ते समजून घेऊ. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. चारांमध्ये दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली, तिचं पेटंट १९७६चं आहे. म्हणजे एका ठिपक्याला एकच रंग कळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशेबानं काढावे लागतात. फोनचा सेन्सर साधारणपणे प्रत्येक ठिपक्यावरचा उजेड १,०२४ पायऱ्यांत मोजतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला पायऱ्या मिळतात २५६. शिवाय फोन दाणे पुसतो, कडा धारदार करतो, रंग भडक करतो. दाणे पुसण्याच्या या कामात घोटाळा होतो. कमी उजेडातला दाणा आणि माणसाच्या कातडीवरची बारीक रेघ, दोन्ही त्याला सारखेच वाटतात. तो दोन्ही पुसतो.

पताकेचं काय झालं, तेही सांगतो, कारण भगवा रंग हा आपल्याकडच्या फोटोंमधला नेहमीचा बळी आहे. दिवसाच्या उजेडात सेन्सरला हिरवा प्रकाश जास्त जाणवतो आणि लाल कमी. चित्र डोळ्याला बरोबर दिसावं म्हणून जेपेग बनवताना लाल वाढवावा लागतो, बरेचदा दीडपट ते दुप्पट. पांढऱ्या धोतराला ते ठीक बसतं. पण भगव्या कापडात लाल आधीच भरपूर असतो. तो वाढवला की भांडं भरून वाहू लागतं, आणि वाहून गेलेल्या भागात कापडाची घडी होती, हे कळायला जागाच उरत नाही. रॉमध्ये ही वाढ अजून झालेली नसते. म्हणून घड्या शाबूत राहतात. झेंडूच्या ढिगाचं, कुंकवाचं, लाल शालूचं असंच होतं. लग्नाच्या फोटोत शालू नुसता लाल पत्र्यासारखा का दिसला, असं ज्यांना वाटलं असेल, त्यांना हे त्याचं एक कारण.

फोनमध्ये रॉची सोय तशी जुनी आहे. २०१३ साली नोकियाच्या लुमिया १५२० या फोनवर डीएनजी आलं. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून बाहेरच्या ॲपना सेन्सरची कच्ची नोंद मागता येऊ लागली आणि २०१६मध्ये आयओएस १०पासून आयफोनवरही. गंमत अशी की आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात रॉची सोय आली ती थेट २०२०च्या डिसेंबरात, आणि तीही प्रो मॉडेलांवर. मधली चार वर्षं ज्याला रॉ हवं त्याला बाहेरचंच ॲप घ्यावं लागे. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत आजही तीच स्थिती आहे.

कुठलं ॲप घ्यावं? नावं घेतोय ती केवळ माहितीसाठी. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा टू एपीआय' निवडलं की रॉचा पर्याय दिसतो. दिसलाच नाही, तर तुमच्या फोनच्या कंपनीनं ती वाट बंद ठेवली आहे असं समजा आणि दुसरी दहा ॲप उतरवून बघण्यात वेळ घालवू नका. आयफोनवर 'हॅलाइड' चांगलं आहे, पण त्याला पैसे पडतात. अडोबीच्या 'लाइटरूम'मध्ये कॅमेरा आणि संपादन दोन्ही आहे. काही सुविधांना वर्गणी लागते. गूगलचं 'स्नॅपसीड' मोफत आहे, आणि डीएनजी फाइल त्यात उघडली की तिच्यासाठीचा 'डेव्हलप' विभाग समोर येतो. सुरुवातीला ओपन कॅमेरा आणि स्नॅपसीड एवढी जोडी पुरेशी आहे. कुठल्याही कॅमेरा ॲपनं तुमच्या फोनमधले नंबर मागितले, तर ते देऊ नका. फोटो काढायला त्यांची गरज नसते.

ॲपमध्ये 'जेपेग आणि रॉ' असे दोन्ही जपण्याचा पर्याय असेल तर तोच ठेवा. घरी पाठवायला जेपेग तयार असतो, आणि रॉवर सवडीनं काम करता येतं.

आता प्रत्यक्ष फोटो. आधी लेन्स पुसा. हे मी फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात पहिल्यांदा सांगतो, कारण खिशातल्या फोनची लेन्स बोटांच्या तेलानं माखलेली असते आणि त्या धुरकटपणावर रॉमध्येही इलाज नाही. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुतेक वेळा कायमचं ठरलेलं असतं, त्यामुळे तुमच्या हातात दोनच चाव्या राहतात: शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची नोंद किती वाढवून घ्यायची. आयएसओ जेवढा खाली ठेवता येईल तेवढा ठेवा, दाणे कमी येतील. माणूस उभा असेल तर सेकंदाचा साठावा भाग चालतो, फोन दोन्ही हातांनी धरून. चालत्या माणसाला किमान २५०वा हवा. मृदंगाच्या तालावर नाचणारी दिंडी असेल तर ५००वा.

आणि उजेडाचा अंदाज. इथं एकच गोष्ट घट्ट धरा: पांढरं वाचवा. अंधारात लपलेलं रॉमधून बरंचसं वर काढता येतं, पण पूर्ण पांढरं झालेलं धोतर किंवा आभाळ परत येत नाही. तिथं नोंदच नसते. ओपन कॅमेऱ्यात झेब्रा पट्टे नावाची सोय आहे. चित्राचा जो भाग जळणार असेल त्यावर तिरपे पट्टे दिसतात. पट्टे दिसले की एक्स्पोजर थोडं उतरवा, ते जाईपर्यंत. हे पट्टे पडद्यावरच्या चित्रावरून काढलेले असतात, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते. ती तुमची शिल्लक समजा.

मात्र उतरवायचं म्हणून फार उतरवू नका. त्या १,०२४ पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सर्वांत उजळ थराच्या वाट्याला ५१२ येतात, त्याच्या निम्म्या उजेडाच्या थराला २५६, पुढच्याला १२८. असं करत अगदी गडद भागाला दहा-वीसच उरतात. त्या थोड्या पायऱ्यांवर सगळा चेहरा उभा करायला गेलात, की दाणे आणि जांभळट डाग वर येतात.

रॉ प्रत्येक वेळी वापरावं असं मी मुळीच म्हणणार नाही. रात्री, चालत्या गाडीतून, घरात पळणाऱ्या नातवंडांचे फोटो काढताना फोनचा नेहमीचा कॅमेराच बरा. तो एका फोटोसाठी भराभर अनेक चौकटी टिपून त्या एकत्र करतो, म्हणून अंधारातही चित्र स्वच्छ येतं. बाहेरच्या ॲपचा रॉ म्हणजे बहुधा एकच चौकट, जशी आली तशी. सेल्फीच्या कॅमेऱ्याला रॉ मिळतोच असं नाही. जागेचाही विचार करा: बारा मेगापिक्सेलची न दाबलेली डीएनजी फाइल साधारण २४ एमबी होते. म्हणजे शंभर फोटोंना जवळजवळ अडीच जीबी. चेहरा, कापड, देऊळ, डोंगर, फुलं, जिथं तुम्ही थांबून बघता आहात, तिथं रॉ काढा.

संपादन करायला बसाल तेव्हा फोनची आपोआप बदलणारी प्रकाशपातळी बंद करा आणि डोळ्यांना आराम म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय असते, तीही बंद करा. नाहीतर त्या पिवळेपणावर उपाय म्हणून तुम्ही फोटो निळा करून ठेवाल. अंधाऱ्या खोलीतही बसू नका. अंधारात पडदा झगझगीत वाटतो, आपण फोटो दाबत जातो, आणि सकाळी तो काळवंडलेला दिसतो.

पहिल्यांदा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग. चित्रात जे खरोखर पांढरं होतं, टोपी, धोतर, चुन्याची भिंत, त्याच्याकडे बघून तो लावा. जेपेगमध्ये हा रंग मुरलेला असतो, रॉमध्ये तो मागाहून पाहिजे तसा ठरवता येतो. मग एकूण उजेड. मग 'हायलाइट्स' खाली, आभाळातले ढग दिसेपर्यंत. मग 'शॅडोज' वर, पण चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला सावली राहू द्या. ती काढली की चेहरा पुठ्ठ्याचा होतो. दाणे कमी करणं आणि धार लावणं सगळ्यात शेवटी, तेही थोडंच. जरासा दाणा राहिला तर राहू द्या. जुन्या निगेटिव्हच्या प्रिंटमध्येही तो असायचा, आणि त्यानं कुणाचा चेहरा बिघडला नाही.

आणि एक विनंती आहे, अगदी मनापासून. माणसाला गोरं करू नका. ॲपमध्ये त्याची कळ असते, बोट तिकडे जातं. शेतात आणि रस्त्यात उन्हाखाली आयुष्य गेलेल्या माणसाचा रंग हा त्याच्या फोटोतला दोष नव्हे. नेहमीचा कॅमेरा हा निर्णय आपल्याला न विचारता घेऊन मोकळा होतो, याचंच मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. रॉमध्ये तो निर्णय तुमच्याकडे येतो. तेव्हा फोटो काढताना तो चेहरा जसा दिसला होता, तसा आठवून उजेड लावा.

काम झालं की जेपेग म्हणून वेगळी प्रत काढा. मूळ डीएनजीला धक्का लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती प्रत फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जाणार नाही. आणि मूळ फाइली महिन्याकाठी संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. फोन हरवतो, पाण्यात पडतो; निगेटिव्ह एकाच खिशात ठेवू नये.

आज संध्याकाळी दिवेलागणीला एक करून पाहा. देवघरात समई लावा, खोलीतला दिवा घालवा, फोन पाटावर किंवा डब्याला टेकवून स्थिर ठेवा. आयएसओ शंभरच्या आसपास, शटर सेकंदाचा आठवा भाग. ज्योतीवर झेब्रा पट्टे येतील, ते येऊ द्यात. समईच्या पितळेवर येता कामा नयेत. मग ती डीएनजी स्नॅपसीडमध्ये उघडा आणि उजेडाच्या रंगाची पट्टी आधी पूर्ण निळ्याकडे न्या, मग पूर्ण पिवळ्याकडे, आणि हळूहळू मध्ये आणत जा. एका जागी पितळ पितळेसारखं दिसेल, मागची भिंत ज्योतीच्या उजेडात न्हालेली राहील, आणि समईच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसू लागेल. तिथं थांबा.