पुस्तकाने दिलेला शब्द



१९७४ सालची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथाही पत्नीकडून उतरवून घेतली होती. नावाचं वजन पारड्यात पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्या परीक्षकांसारखी सोय आपल्याला कुठली? दुकानात शिरलं की कव्हरवर लेखकाचं ठसठशीत नाव, त्याखाली ‘आवृत्ती दहावी’, मलपृष्ठावर कौतुकाचे चार परिच्छेद. या गलबल्यात नवं पुस्तक निवडायचं कसं, याबद्दल आज बोलू या. आणि तेही रहस्यकथा, गूढकथा, विज्ञानकथा, ऐतिहासिक कादंबरी अशा लोकप्रिय प्रकारांबद्दल. प्रवासात चघळायचं वाचन म्हणून आपण त्यांना बाजूला सारतो, आणि मग त्यातलं चांगलं-वाईट पारखायचंही राहून जातं.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक प्रकार वाचकाला एक शब्द देत असतो. तो कोणता हे ओळखावं, आणि लेखकाने तो पाळला का, ते बघावं.

रहस्यकथेपासून सुरुवात करू. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड यांनी मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. अर्नाळकरांचा शब्द असतो वेगाचा. पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेवायचं नाही! तिथे पुराव्यांचा कीस काढत बसणं म्हणजे रसभंग. पण सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा आता मराठीतही मिळतात. त्यांचा शब्द निराळा आहे. जे फेलूदाला दिसलं, ते तुम्हालाही दिसलं पाहिजे. अशी कथा संपली की मागची पानं चाळून पाहा. गुन्हेगाराचा धागा पहिल्या काही प्रकरणांत तुमच्या डोळ्यांसमोरच ठेवलेला होता का? असेल, तर लेखक खरा. शेवटच्या प्रकरणात एखादा जुळा भाऊ अचानक उपटला, तर समजा, फसवणूक झाली.

गूढ आणि भय हे दुसरं दालन. इथे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं शेजारी ठेवून वाचण्यात मजा आहे. धारपांकडे भय बाहेरून येतं. जुनी वास्तू असते, तिथे काहीतरी अमंगळ वस्तीला असतं, आणि त्यांच्या समर्थांच्या कथांत त्या शक्तीला तोंड द्यायला समर्थ उभे राहतात. मतकरींकडे भय पुष्कळदा घरातल्या माणसांच्या मनातून वर येतं. ‘खेकडा’ वाचून पाहा. दोघांचा शब्द एकच: तुमची झोप उडवू. तो पाळला जाईल का, याचा अंदाज पहिल्या पाच-सहा पानांत येतो. तिथलं घर, नोकरी, शेजारपाजार खरा वाटतो का, तेवढं पाहा. दुसऱ्याच पानावर भूत हजर झालं तर भ्यायला कारण उरत नाही, कारण मोडायला आधी नेहमीचं जग उभंच राहिलेलं नसतं. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ चित्रपटाच्या मुळाशी धारपांची कथा आहे. चित्रपट पाहून ज्यांना धारप वाचावेसे वाटले असतील, त्यांनी हे लक्षात ठेवून वाचावेत.

आता विज्ञानकथा. तिचा शब्द मला सगळ्यांत कडक वाटतो. ती म्हणते, एकच अशक्य गोष्ट मान्य करा; पुढचं सगळं मी तर्काने नेईन. नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घ्या. तिच्यामागची कल्पना तुम्हाला घरी करून बघता येईल. कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. आता पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढत जा. कागदाची बाजू न बदलता रेघ दोन्हीकडून फिरून जिथून निघाली तिथेच परत येते! या पट्टीला एकच बाजू आहे. असाच पीळ अवकाशाला पडला आणि त्यातून माणूस फिरून आला तर? तर तो आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होऊन येईल. डावं ते उजवं, उजवं ते डावं. गणपतीच्या सोंडेपर्यंत सगळा मामला त्याच एका कल्पनेतून निघतो. म्हणून विज्ञानकथेची परीक्षा अशी घ्या: तिच्यातलं विज्ञान काढून टाका. गोष्ट तरीही जशीच्या तशी उभी राहिली, तर ती साधी कथाच आहे, तिला प्रयोगशाळेतला पांढरा कोट तेवढा चढवलेला आहे.

ऐतिहासिक कादंबरीचं दुकान आपल्याकडे कायम तेजीत. १९६२ सालची रणजित देसाईंची ‘स्वामी’, १९७२ सालची ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, १९८८ सालची विश्वास पाटलांची ‘पानिपत’. या कादंबऱ्या अजून खपतात. इथला शब्द असा, की कागदपत्रांना सोडून जाणार नाही, आणि कागदपत्रं जिथे मुकी आहेत तिथे माणसाला बोलतं करीन. ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले, हे कुठल्या दप्तरात सापडणार? ते लेखकानेच रचायचं. मग पारख कशी करायची? विरुद्ध पक्षाच्या माणसांकडे पाहा. अब्दालीला, नजीबाला, राघोबादादांना स्वतःची बाजू आहे का, त्यांना अक्कल आहे का? शत्रू मूर्ख दाखवला की नायकाचा पराक्रमही आपोआप स्वस्त होतो.

विनोदाला एवढी कसोटी लागत नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचं एखादं पान घरात मोठ्याने वाचा. ऐकणारे हसले, तर पुस्तक घ्या!

आता, हे सगळं चाखायचं कुठे? माझ्या मते दिवाळी अंकांत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला ही सवय आहे. विनोदाला ‘आवाज’, रहस्याला ‘धनंजय’, गूढाला ‘नवल’. नवा लेखक एका कथेपुरता पारखून घ्यायचा, मग त्याच्या पुस्तकाला पैसे मोजायचे.

वाचनालयात गेलात, तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी जरूर पाहा. जुन्या, विटक्या पुस्तकावर गेल्या महिन्याचा शिक्का असेल, तर त्याला जाहिरातीची गरज नाही. चिठ्ठी कोरी असली म्हणून मात्र पुस्तक लगेच परत ठेवू नका. कधीकधी ते चुकीच्या कपाटात पडलेलं असतं, इतकंच. आणि ग्रंथपालांकडे ‘काहीतरी चांगलं द्या’ असं मागू नका. ‘डोकं लढवायला लावील असं द्या’, ‘रात्री एकट्याने वाचवणार नाही असं द्या’ असं मागा. त्यांचा हात बरोबर कपाटाकडे जाईल.

शेवटचं सांगतो. पुस्तक अर्ध्यावर सोडायला लाजू नका, पण सोडताना कारण नीट शोधा. गुन्हेगार चाळिसाव्या पानावरच ओळखू आला? मग पुढच्या वेळी अधिक अवघड कोडं घ्या. लढाया कंटाळवाण्या वाटल्या, पण दरबारातली कारस्थानं आवडली? मग तुमचा लेखक दुसरा आहे. ‘आवडलं नाही’ एवढंच म्हणून पुस्तक मिटलं, तर पुढची निवड पुन्हा कव्हर पाहूनच होईल.