पुळी लहान, काळजी मोठी

पावसाळा लागला की लहान मुलांच्या नाकाखाली, ओठांच्या कडेला बारीक फोड दिसू लागतात. ते फुटतात, त्यातून पाणी झिरपते आणि वर मधाच्या रंगाची खपली धरते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, 'उष्णता आहे, उतरेल आपोआप.' ही उष्णता नव्हे. हा जंतूंचा संसर्ग. डॉक्टर त्याला इम्पेटिगो म्हणतात.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तो अधिक आढळतो. डास चावतो किंवा खरूज होते, मूल खाजवते, कातडी सोलली जाते आणि जंतूंना दार उघडे मिळते. मग त्याच नखांनी, एकाच टॉवेलने तो भावंडांपर्यंत पोचतो.

यातला मुख्य जंतू स्टॅफिलोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो, म्हणून हे ग्रीक नाव. १९२८ मध्ये फ्लेमिंग याच जंतूच्या थाळ्या पाहत असताना त्यांना पेनिसिलिनचा शोध लागला. आज साधे पेनिसिलिन या जंतूवर बहुधा चालत नाही. औषधांच्या बेसुमार वापराने तो निर्ढावला आहे.

म्हणून उपचार मनाने करू नयेत. कोमट पाण्याने आणि साबणाने खपली भिजवून हलक्या हाताने काढावी. फोड थोडे असतील तर डॉक्टर म्युपिरोसिनसारखे मलम देतात, बहुधा पाच दिवस. फोड पसरले, ताप आला, तर पोटात घ्यायचे औषध लागते. दोन दिवसांत बरे दिसले तरी सांगितलेले दिवस पुरे करा. मुलाची नखे कापा, टॉवेल वेगळा ठेवा, औषध सुरू होऊन चोवीस तास होईपर्यंत त्याला शाळेत पाठवू नका. आणि दुकानातून 'खाजेचे मलम' आणून चोळू नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. लाली दबते, पण संसर्ग वाढत राहतो.

आणखी एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने फोड आले असतील, तर ते वाळल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसले, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेवर लक्ष दिले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

आम्हा कवींना मधाची उपमा फार प्रिय. पण लेकराच्या ओठांवर तो रंग दिसला, तर उपमा शोधत बसू नये, डॉक्टर शोधावा.