कानाआडचं जंगल

माझे अब्बा पानशेतच्या धरणाखाली गेलेल्या एका गावचे. घर मुलाण्याचं. गाव पाण्यात गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आंबी नदी, भाताची खाचरं, गुरांची वाट, सगळं अब्बांनी मला सांगितलं होतं. एकदा मी विचारलं, "पहाटे तिथं काय ऐकू यायचं?" बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ते कसं सांगू बेटा? ते ऐकायलाच हवं."

१२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. त्याची छायाचित्रं आहेत, आठवणी छापून आल्या आहेत. पण धरणाआधी त्या खोऱ्यातली एखादी साधी पहाट कशी ऐकू यायची, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

हे आठवलं ते माझ्या भाचीमुळे. ती प्राणिशास्त्र शिकते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती मला पानशेतला घेऊन गेली. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून तिनं बांधावरच्या ऐनाच्या झाडाला एक यंत्र बांधलं. आकार काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. आत तीन पेन्सिल सेल आणि नखाएवढं कार्ड. ऑडिओमॉथ त्याचं नाव. इंग्लंडमधल्या तरुण संशोधकांनी ते तयार केलं आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. ठरवून दिलेल्या वेळी ते आपोआप जागं होतं, ऐकतं आणि पुन्हा झोपतं.

१८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलानं मेणाच्या नळकांड्यावर एका पक्ष्याचं गाणं उतरवून घेतलं. पक्ष्याच्या आवाजाचं ते सर्वांत जुनं ज्ञात मुद्रण. तो पक्षी कोणता? आपल्याकडचा शामा, पिंजऱ्यातला! तिथपासून आपण इथवर आलो. माणसाचा तरुण कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. हे यंत्र त्याच्या कितीतरी पुढचं टिपतं. म्हणून आपल्याला मुकी वाटणारी वटवाघळंही त्यात बोलतात.

दुसऱ्या दिवशी भाचीनं संगणकावर आवाजाचं चित्र उघडलं. खाली बेडकांचे जाड पट्टे, मध्ये रातव्याच्या तुटक रेघा. अगदी वर एक बारीक, सलग ठिपक्यांची ओळ. "मामा, हा नाकतोड्याच्या जातीचा किडा. ऐका ना." मी कान लावला. काहीच नाही. तिला स्वच्छ ऐकू येत होतं. पन्नाशी उलटली की वरचे सूर आधी जातात, हे मला ठाऊक होतं. पण आपल्याला न ऐकू येणारा आवाज समोर दिसतो, तेव्हा कवीचाही माज उतरतो. जंगल गप्प झालं असं मी अलीकडे लिहीत होतो. थोडा माझा कानच गप्प झाला होता!

अशा मुद्रणाचा उपयोग काय? आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. रानपिंगळा ११३ वर्षं कुणा शास्त्रज्ञाला सापडला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे त्याचा आवाज मुद्रित झाला. तोच आवाज रानात वाजवून, उत्तर येतं का हे ऐकत अभ्यासकांनी त्याचा इतरत्र शोध घेतला.

यंत्राला मर्यादाही आहेत. मुसळधार पावसात पावसाशिवाय काहीच उरत नाही. एखादा आवाज आला नाही म्हणून तो प्राणी तिथं नाही, असं होत नाही. संगणक ओळखायला मदत करतो, पण चुकतोही; शेवटी जाणता माणूस लागतोच. आणि वाटेनं जाणाऱ्यांचं बोलणंही यंत्र टिपतं. ते भाचीनं आधी पुसून टाकलं, हे मला आवडलं.

उरलेल्या मुद्रणाला तिनं तारीख, वेळ आणि जागा लिहिली. तीस वर्षांनी कुणी त्याच बांधावर जाऊन ऐकेल आणि काय राहिलं, काय गेलं, हे पडताळून पाहील. "पहाटे तिथं काय ऐकू यायचं?" असं तेव्हा एखाद्या मुलानं विचारलं, तर मोठ्यांना गप्प बसावं लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)