कोळसा न जाळता वीज



हीरक महोत्सवाच्या मंडपात कोळशावर व्याख्यान, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु हिरा, पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि शेगडीतला लोणारी कोळसा ही मुळात एकाच कार्बनची भावंडे आहेत. भेद आहे तो अणूंच्या मांडणीचा. आजच्या विषयात तो भेदच निर्णायक ठरतो. आणि मान मिळतो तो हिऱ्याला नव्हे, तर सर्वांत अव्यवस्थित भावंडाला.

बदरपूरचे औष्णिक वीज केंद्र १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कायमचे थंडावले. १ जानेवारी २०२३ पासून राजधानी परिसरातील कारखान्यांतूनही कोळसा हद्दपार झाला. मात्र औष्णिक केंद्रांना त्या बंदीतून वगळावे लागले. दादरी आणि झज्जरच्या चिमण्या धूर सोडतच आहेत. त्यात दिवाळीच्या सुमारास पंजाब-हरियाणातील शेतांत जळणाऱ्या भाताच्या पेंढ्याची भर पडते आणि मुलांच्या शाळा बंद ठेवण्याची पाळी येते. ज्वाळेवाचून कार्बनमधली ऊर्जा काढता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच दिल्लीकरांना परका नाही.

औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ चाके फिरवते. या प्रवासात सुमारे दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. कार्बन इंधन घटात ज्वाळाच नसते. तप्त विद्युतअपघटनी पदार्थातून ऑक्सिजन आयनरूपाने कार्बनपर्यंत पोहोचतो, आणि प्रत्येक कार्बन अणूचे चार इलेक्ट्रॉन तारेतून वाहू लागतात. सिद्धान्ततः जवळजवळ सर्व रासायनिक ऊर्जेची वीज होऊ शकते. कार्बन डायऑक्साइड येथेही निर्माण होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो हवेतल्या नायट्रोजनात मिसळलेला नसल्याने वेगळा साठवणे सोपे जाते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील विल्यम जॅक्स यांनी १८९६ मध्ये लोखंडी भांड्यात वितळलेला कॉस्टिक सोडा घेतला, त्यात कार्बनचा दांडा बुडवला, खालून हवा फुंकली आणि वीज मिळवली. परंतु निर्माण झालेल्या कार्बन डायऑक्साइडने सोड्याचा कार्बोनेट करून टाकला. घट आपलेच पाणी पिऊन संपावा, तसा तो संपत गेला.

आज सोड्याऐवजी वितळलेले कार्बोनेट क्षार किंवा घन ऑक्साइड वापरतात. तरीही खरी कसोटी इंधनाचीच लागते. हायड्रोजन वायू कोठेही शिरतो. कोळशाचा कण मात्र जेथे टेकला तेथेच काम करतो. म्हणून भुकटी बारीक हवी, कण सच्छिद्र हवा. अणूंची रचनाही महत्त्वाची. ग्रॅफाइटमध्ये अणूंचे थर शिस्तीत रचलेले असतात. त्यांना हात घालायला जागा सापडत नाही. लोणारी कोळशासारख्या विस्कळीत कार्बनमध्ये थरांच्या कडा उघड्या असतात, आणि तेथे अभिक्रिया वेगाने घडते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या अभ्यासातही हेच आढळले. पण इलेक्ट्रॉन वाहून न्यायला कार्बनने विजेचा सुवाहकही असावे लागते, आणि तो गुण ग्रॅफाइटकडे आहे. कोळसा अधिक तापवावा तर वाहकता वाढते, पण चपळता जाते. हा पेच काही केल्या सुटत नाही. कोळशातील बाष्पनशील द्रव्ये तापताच वायुरूप होतात. त्यांच्यामुळे आरंभी वीज जोमाने मिळते, आणि ती संपली की ओहोटी लागते.

राखेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. भारतीय दगडी कोळशात राख तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते. वर्धा खोऱ्यातला चंद्रपूरचा कोळसाही त्याच गोंडवन कुळातला. त्यातील खनिजे कार्बनमध्ये इतकी बारीक मिसळलेली असतात की कोळसा धुऊनही ती पुरती सुटत नाहीत. राखेतले कॅल्शियम आणि लोह यांचे ऑक्साइड अभिक्रियेला उत्तेजन देतात, तर सिलिका आणि ॲल्युमिना तिला अडवतात. गंधक निकेलच्या अग्राला विषासमान. त्या बाबतीत आसामचा कोळसा सोडला तर भारतीय कोळसा बराच सौम्य आहे.

भाताच्या पेंढ्यातही हेच द्वंद्व दिसते. त्याचा कोळसा विस्कळीत आणि सच्छिद्र, म्हणजे घटाच्या पसंतीचा. त्यातले पोटॅशियम उत्तम उत्प्रेरक. पण पेंढ्याच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के राखच असते, आणि तीत मुख्यतः सिलिका. तापल्यावर ही सिलिका पोटॅशियमलाच काचेत बांधून निकामी करते. पेंढा पाण्याने धुतला तर पोटॅशियम वाहून जाते आणि सिलिका तशीच राहते. अल्कलीने धुतला तर सिलिका विरघळते, पण खर्च वाढतो.

असे घट अजून प्रयोगशाळेच्या मेजावरच आहेत. तूर्त दिल्लीभोवतीच्या ३०० किलोमीटरमधील औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच ते दहा टक्के जैवभाराच्या कांड्या मिसळून जाळाव्यात, असा आदेश आहे. त्यात मुख्य भर पेंढ्यावर आहे. तेथेही पोटॅशियम आणि सिलिका पाठ सोडत नाहीत. बॉयलरच्या नळ्यांवर त्यांचा काचेसारखा थर चढतो आणि तो खरवडून काढावा लागतो.